पानातलं फॉस्फॅटिडिक आम्ल मोजताना: आधी फॉस्फोलिपेज डी थांबवा, मग पान कुटा

"ताण दिलेलं रोप आणि पाणी घातलेलं रोप, दोन्हींत फॉस्फॅटिडिक आम्ल सारखंच आलं. मग ताणाचा परिणाम होत नाही असं लिहू का?" एमएस्सीचे प्रकल्प करणाऱ्यांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. फॉस्फॅटिडिक आम्ल म्हणजे पेशीपटलातल्या लिपिडापासून बनणारं, ताणाचा संदेश पेशीत पोचवणारं लिपिड. उत्तर देण्याआधी एवढंच विचारावं लागतं, की पान तोडल्यापासून गरम द्रावकात पडेपर्यंत किती वेळ गेला आणि मधे ते खलबत्त्यात गेलं होतं का. खलबत्त्यात गेलं असेल तर आकडा रोपाचा नव्हे, खलबत्त्याचा आहे.

कारण साधं आहे. फॉस्फोलिपेज डी, यापुढे पीएलडी, हे विकर (एन्झाइम) पेशीपटलातल्या फॉस्फॅटिडिलकोलीनसारख्या लिपिडाचं डोकं कापतं आणि फॉस्फॅटिडिक आम्ल मागे ठेवतं. जिवंत पेशीत हे काम मोजून-मापून चालतं, कारण पेशीरसात मोकळं कॅल्शियम अगदी कमी असतं. पान चिरडलं की रिक्तिका, म्हणजे पेशीतली द्रवानं भरलेली मोठी पिशवी, फुटते. तिच्यातलं मिलिमोलर पातळीचं कॅल्शियम आणि आम्लता दोन्ही एकदम बाहेर येतात. पानात सर्वांत मुबलक असलेल्या पीएलडी अल्फा प्रकाराला नेमकं हेच हवं असतं. पुढच्या मिनिटभरात जे आम्ल तयार होतं, त्याच्यापुढे ताणामुळे तयार झालेलं झाकून जातं.

खालचा क्रम याच एका गोष्टीभोवती बांधला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका.

## १. काय मोजायचं आहे ते कागदावर लिहा

तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची पद्धत वेगळी आहे.

(क) पानात या क्षणी फॉस्फॅटिडिक आम्ल किती आहे? याला टप्पा २ ते ५ पुरतात.

(ख) त्यातलं पीएलडीनं किती बनवलं? हे आम्ल दुसऱ्या वाटेनंही बनतं. फॉस्फोलिपेज सी फॉस्फोइनोसिटाइड कापून डायअसाइलग्लिसरॉल सोडतं आणि डायअसाइलग्लिसरॉल कायनेज त्यावर फॉस्फेट चढवतं. शिवाय हरितलवकात आणि आंतर्द्रव्य जालिकेत लिपिड बांधतानाचा एक नेहमीचा टप्पा म्हणूनही ते थोडं असतंच, त्याचा संदेशवहनाशी संबंध नाही. हा प्रश्न असेल तर टप्पा ६ लागतो.

(ग) ऊतीत पीएलडी विकर किती आहे? हे नळीत मोजतात, टप्पा ७.

सगळ्यात जास्त गोंधळ (ख) आणि (ग) मध्ये होतो. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात पीएलडीची १२ जनुकं आहेत आणि प्रत्येक गटाची गरज निराळी आहे. अल्फाला नळीत मिलिमोलर कॅल्शियम लागतं. बीटा आणि गॅमाला मायक्रोमोलर कॅल्शियम पुरतं, पण सोबत फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल बिसफॉस्फेट हवं. झीटाला कॅल्शियम लागतच नाही. २५ मिलिमोलर कॅल्शियम घालून मोजलेली क्रिया म्हणजे मुख्यतः "अल्फा किती भरलं आहे" याचा अंदाज. "ताणात पीएलडी किती जागं झालं" याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

## २. तयारी आदल्या दिवशी

पान तोडल्यावर काहीही शोधायला जायचं नाही, म्हणून सगळं आधी मांडून ठेवा.

नळ्या. स्क्रू झाकणाच्या काचेच्या, झाकणात टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या. प्लास्टिकच्या नळ्या आणि रबरी बुचं चालणार नाहीत. क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधले पदार्थ ओढून घेतं आणि ते पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या (टीएलसी, टप्पा ५) पट्टीवर ठिपके होऊन उमटतात.

आयसोप्रोपेनॉल. त्यात ०.०१ टक्का बीएचटी विरघळवा, म्हणजे असंतृप्त मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण रोखलं जातं. प्रत्येक नळीत ३ मिलिलिटर. मिथेनॉल किंवा इथेनॉल न घेता हेच का? पीएलडी पाण्याऐवजी प्राथमिक अल्कोहोल उचलून फॉस्फॅटिडिलअल्कोहोल बनवू शकतं. मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्ही प्राथमिक आहेत. आयसोप्रोपेनॉल दुय्यम आहे, त्याला ते जवळजवळ हात लावत नाही.

क्लोरोफॉर्म. बाटलीवरचं लेबल वाचा. बऱ्याच क्लोरोफॉर्ममध्ये टिकण्यासाठी अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेलं असतं, काहींत अमिलीन असतं. विकर मेल्यानंतर क्लोरोफॉर्म घातलं तर फरक पडत नाही. विकर जिवंत असताना घातलं तर एक अनोळखी ठिपका वाढतो आणि तो कुठून आला ते कळत नाही.

हीटिंग ब्लॉक. ७५ अंश सेल्सिअस. ब्लॉकचा आकडा पाहून थांबू नका. एका नळीत आयसोप्रोपेनॉल भरून त्यातच थर्मामीटर बुडवा. ब्लॉक ७५ दाखवतो आणि नळीत ६६ असतं, हे सर्रास घडतं.

> सावधान: आयसोप्रोपेनॉल सुमारे ८२ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ सहज पेटते. बर्नर किंवा उघड्या कॉइलची शेगडी वापरू नका. सगळं काम फ्यूम हूडखाली. नायट्राइल हातमोज्यांतून क्लोरोफॉर्म लवकर आत शिरतं. सांडलं की मोजे लगेच बदला.

तपासणी: नळ्यांवर खुणा पेन्सिलीनं किंवा कोरून केल्या आहेत का? मार्करची शाई आयसोप्रोपेनॉलनं धुऊन जाते.

## ३. झाडापासून नळीपर्यंत

सगळा प्रयोग याच काही सेकंदांत जिंकला किंवा हरला जातो.

झाडं ब्लॉकजवळ आणा, पानं झाडाजवळून ब्लॉककडे आणू नका. झाडं हलवून झाल्यावर थोडा वेळ तशीच राहू द्या, कारण स्पर्श, वारा, तापमानातला बदल यांनाही पेशी प्रतिसाद देते. जखम तर फारच जोरात बोलते. एरंडाच्या पानावर झालेल्या कामात जखमेनंतर काही मिनिटांतच फॉस्फॅटिडिक आम्ल वाढलेलं दिसतं, तेही जखमेपुरतं मर्यादित न राहता पानाच्या इतर भागातही.

क्रम असा ठेवा:

1. झाकण उघडा, नळी ब्लॉकमध्येच असू द्या.
2. देठ धारदार कात्रीनं एका फटक्यात कापा.
3. पान चिमट्यानं देठाला धरून थेट गरम आयसोप्रोपेनॉलमध्ये सोडा. पात्याला चिमटा लावू नका.
4. पान पूर्ण बुडालं आहे ना, पाहा. वर तरंगणारा कोपरा काचेच्या कांडीनं आत ढकला.
5. झाकण लावा, १५ मिनिटं.
6. मगच पुढच्या झाडाकडे वळा.

पाच पानं एकदम तोडून ओल्या टिपकागदावर ठेवून एकेक टाकत जाणं ही नेहमीची चूक आहे. पाचव्या पानाला तोपर्यंत जखम होऊन कितीतरी वेळ झालेला असतो. त्यातही कंट्रोलची पानं आधी आणि ताणाची नंतर टाकली गेली, तर फरक ताणाचा की रांगेचा हे कधीच कळणार नाही. म्हणून कंट्रोल आणि ताण आलटून पालटून घ्या.

ज्वारीसारखं लांब पान अख्खं मावत नाही. ते नळीच्या तोंडावर धरून कात्रीनं तुकडे सरळ आत पाडा. जाड, मांसल पानाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, त्याच्या पातळ चकत्या कराव्या लागतात.

द्रव नायट्रोजन असेल तर? शेतातून नमुने आणताना त्याला पर्याय नाही. पण गोठवल्यानं विकर मरत नाही, फक्त थांबतं. गोठताना पेशी फुटलेल्याच असतात, त्यामुळे वितळू लागताच पीएलडी पूर्ण मोकाट सुटतं. गोठलेलं पान गोठलेल्या अवस्थेतच गरम आयसोप्रोपेनॉलमध्ये पडलं पाहिजे. वजनासाठी काट्यावर ठेवलं, पारदर्शक झालं, कडेनं पाणी सुटलं, तर तो नमुना टाकून द्या. वजन नंतर कोरड्या पानाचं घेता येतं.

तपासणी: एक पान मुद्दाम खलबत्त्यात कुटून पाच मिनिटं तसंच ठेवा, मग गरम आयसोप्रोपेनॉलमध्ये घाला. हा तुमचा "वाईट नमुना". पट्टीवर त्याच्या शेजारी चांगला नमुना ठेवला की फॉस्फॅटिडिक आम्लाच्या ठिपक्यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसायला हवा. दोन्ही सारखे दिसले तर तुमचा "चांगला" नमुनाही वाईटच आहे.

## ४. अर्क काढणं

नळी थंड झाली की १.५ मिलिलिटर क्लोरोफॉर्म आणि ०.६ मिलिलिटर पाणी घाला, तासभर हलवा. द्रव दुसऱ्या काचेच्या नळीत काढून घ्या. पानावर पुन्हा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांचं २:१ मिश्रण ४ मिलिलिटर घाला, यातही ०.०१ टक्का बीएचटी. अर्धा तास हलवून द्रव पहिल्या अर्कात मिळवा. पान पांढरं होईपर्यंत हेच करा, साधारण चार-पाच वेळा. आता मिथेनॉल चालतं, कारण विकर कधीच मेलेलं आहे.

एकत्र अर्क आधी १ मिलिलिटर १ मोलर पोटॅशियम क्लोराइडनं आणि नंतर २ मिलिलिटर पाण्यानं धुवा. सेंट्रिफ्यूज करून वरचा थर फेका. लिपिड खालच्या थरात असतात. मधल्या पांढरट पडद्यासकट वरचं ओढून घेण्याच्या नादात खालचं गमावू नका. थोडं पाणी राहिलं तरी चालेल, लिपिड जायला नकोत.

खालचा थर नायट्रोजनच्या झोतात सुकवा, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा आणि उणे २० अंशांना किंवा त्याहून थंड ठेवा. उघड्यावर पंख्याखाली सुकवलेला अर्क पिवळट चिकट होतो. तो ऑक्सिडीकरण झालेला असतो आणि त्याचे ठिपके शेपटीसारखे ओढले जातात.

अर्क काढून उरलेलं पांढरं पान १०५ अंशांना रात्रभर वाळवून वजन करा. आकडे याच कोरड्या वजनावर मांडायचे.

## ५. पट्टी: टीएलसी

पानाच्या अर्कात फॉस्फोलिपिड बहुसंख्य नसतात. ध्रुवीय लिपिडांचा मोठा वाटा हरितलवकाच्या गॅलॅक्टोलिपिडांचा असतो आणि आयोडीनच्या वाफेत ते सगळेच तपकिरी दिसतात. नुसत्या आयोडीनवरून फॉस्फॅटिडिक आम्लाचा ठिपका ठरवू नका.

सिलिका जेल ६० ची पट्टी ११० ते ११५ अंशांना तापवून कोरडी करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पट्टी ओव्हनमधून काढून थंड होईतो हवेतली ओल पुन्हा शोषते आणि ठिपक्यांची उंची रोज बदलते. डेसिकेटरमध्येच थंड करा आणि लगेच वापरा.

फॉस्फॅटिडिक आम्ल इतर फॉस्फोलिपिडांपासून नीट सुटावं यासाठी इथाइल अॅसिटेट, आयसोऑक्टेन, फॉर्मिक आम्ल आणि पाणी १२:२:३:१० या प्रमाणात घ्या. हे मिसळत नाही, दोन थर होतात, आणि ते तसेच व्हायला हवेत. विभाजक नरसाळ्यात जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या, फक्त वरचा थर टाकीत घाला. दोन्ही थर एकत्र ओतणाऱ्यांच्या पट्टीवर सगळं एकाच जागी साचतं. या द्रावकात बहुतेक फॉस्फोलिपिड तळाशीच राहतात, फॉस्फॅटिडिक आम्ल वर चढतं आणि फॉस्फॅटिडिलब्युटेनॉल (टप्पा ६ मध्ये लागणारं) त्याच्याही वर.

शेजारी शुद्ध फॉस्फॅटिडिक आम्लाचा नमुना हवाच. शिवाय एका पट्ट्यात तुमचा अर्क आणि शुद्ध नमुना एकत्र सोडा. दोन्ही मिळून एकच गोल ठिपका आला तर ओळख बरोबर.

ठिपके पाहायला प्रायम्युलिन फवारून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बघा. त्यानं लिपिड नष्ट होत नाहीत, खरवडून पुढे मोजता येतात. फॉस्फेट आहे की नाही याची खात्री करायला वेगळ्या पट्टीवर मॉलिब्डेनम ब्लू.

तपासणी: ताण न दिलेल्या निरोगी पानात फॉस्फॅटिडिक आम्ल एकूण ध्रुवीय लिपिडांच्या एखाद-दोन टक्क्यांच्या आतच असायला हवं. कंट्रोलमध्येच त्याचा ठिपका फॉस्फॅटिडिलकोलीनच्या तोडीस तोड दिसत असेल, तर टप्पा ३ कडे परत जा. पुढे मोजत बसण्यात अर्थ नाही.

## ६. हे पीएलडीनंच बनवलं का? ब्युटेनॉलची कसोटी

प्राथमिक अल्कोहोल उचलण्याचा टप्पा २ मधला पीएलडीचा गुण इथे कामी येतो. रोपाला थोडं एन-ब्युटेनॉल दिलं की पीएलडी फॉस्फॅटिडिक आम्लासोबत फॉस्फॅटिडिलब्युटेनॉल बनवतं. कायनेजची वाट ते बनवू शकत नाही. शिवाय पेशी ते सहज मोडत नाही, ते साचत जातं. म्हणजे फॉस्फॅटिडिलब्युटेनॉलचा ठिपका ही त्या वेळात पीएलडीनं केलेल्या कामाची नोंद आहे.

1. रोपांना किंवा पानांच्या चकत्यांना आधी खूण द्या, म्हणजे लिपिड ओळखू येतील. किरणोत्सारी फॉस्फरस, पी-३२, वापरायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेली प्रयोगशाळा लागते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ दिवस, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच मागवा. परवानगी नसेल तर एनबीडी-फॉस्फॅटिडिलकोलीन हे चमकणारं लिपिड चांगलं चालतं.
2. चकत्या कापल्या असतील तर ही जखमच आहे. खुणेचं द्रावण घालून काही तास शांत होऊ द्या.
3. एन-ब्युटेनॉल ०.५ टक्का घाला. दुसऱ्या संचाला तुलनेसाठी तेवढंच टर्ट-ब्युटेनॉल, जे पीएलडी उचलत नाही. तिसऱ्याला काहीच नाही.
4. पाच मिनिटांनी ताण द्या: मीठ, मॅनिटॉल, अॅब्सिसिक आम्ल, जो असेल तो.
5. ठरलेल्या वेळी एका झटक्यात थांबवा, अर्क काढा, टप्पा ५.

एनबीडीची खूण मेदाम्लाच्या साखळीवर असलेलं लिपिडच मागवा. खूण डोक्यावर असेल तर पीएलडी तेच डोकं कापून टाकतं आणि तुमचं फॉस्फॅटिडिक आम्ल अदृश्य होतं. बाटली आणि रोपं दोन्ही फॉइलमध्ये झाका.

पी-३२ वाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १०-२० मिनिटांच्या खुणेत एटीपी आणि झपाट्यानं फिरणारे फॉस्फोइनोसिटाइड रंगतात, फॉस्फॅटिडिलकोलीन जवळपास कोरं राहतं. त्यामुळे थोडक्या वेळात दिसणारं फॉस्फॅटिडिक आम्ल मुख्यतः कायनेजच्या वाटेचं असतं. पीएलडी पाहायचं तर रात्रभर खूण द्यावी लागते. वीस मिनिटं खूण देऊन "पीएलडीचा सहभाग नाही" असा निष्कर्ष काढलेले अहवाल वाचून फार वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

> सावधान: थांबवण्यासाठी पर्क्लोरिक आम्ल वापरत असाल तर ते अर्कातून पूर्ण धुऊन काढा. सेंद्रिय पदार्थासोबत ते कोरडं करू नका, स्फोट होऊ शकतो.

इथे होणारी मोठी चूक: एन-ब्युटेनॉलला "पीएलडीचं अवरोधक" म्हणणं. ते विकर बंद करत नाही, उत्पादन वळवतं. हिशेब करून पाहा: ०.५ टक्का म्हणजे साधारण ५५ मिलिमोलर ब्युटेनॉल, आणि भोवती पाणी ५५ मोलर. हजारास एक. तरीही ठिपका दिसतो, कारण विकराला अल्कोहोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं. पण फॉस्फॅटिडिक आम्ल बनणं पूर्ण थांबत नाही. शिवाय एन-ब्युटेनॉल पेशीतल्या सूक्ष्मनलिका विस्कटतं, टर्ट-ब्युटेनॉल तसं करत नाही. म्हणून "एन-ब्युटेनॉलनं मुळांची वाढ खुंटली, म्हणजे वाढीला पीएलडी लागतं" हे एवढ्यावर सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या जनुकाचं उत्परिवर्ती रोप हवं.

## ७. नळीत विकराची क्रिया

सरावाला कोबी उत्तम. मंडईतल्या गड्ड्याच्या आतल्या फिकट पानांत पीएलडी भरपूर असतं आणि हरितद्रव्याचा अडथळा कमी.

थंडाव्यात कुटा: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, त्यात १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं), २ मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखणारं), आणि अगदी शेवटच्या क्षणी पीएमएसएफ (प्रथिनं तोडणारी विकरं थांबवणारं), कारण पाण्यात ते फार टिकत नाही. ६,००० जी वर दहा मिनिटं फिरवा, वरचं घ्या.

क्रियेसाठी: १०० मिलिमोलर एमईएस बफर, पीएच ६.५, २५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर एसडीएस (डिटर्जंट), ०.४ मिलिमोलर फॉस्फॅटिडिलकोलीन, ३० अंश. लिपिड आधी नायट्रोजनखाली सुकवून, पाणी घालून, सोनिकेटरमध्ये एकसारखं दुधाळ होईपर्यंत फिरवा. विकर सर्वांत शेवटी.

फसण्याच्या जागा:

- फॉस्फेट बफर घेतला की कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो, मग कॅल्शियमही गेलं आणि मापनही.
- एमईएसचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडनं जुळवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं तर एसडीएस पांढरं होऊन खाली बसतं.
- सुटलेलं कोलीन ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजच्या रंगानं मोजत असाल तर डीटीटी रंग मारतं. अर्क पुरेसा सौम्य करा किंवा छोट्या जेल स्तंभातून काढा.
- अर्कात मोकळं कोलीन आधीच असतं. शून्य मिनिटाचा ब्लँक प्रत्येक नमुन्याचा वेगळा.
- एकच ३० मिनिटांची नोंद घेऊ नका. ०, ५, १०, २० मिनिटं घ्या आणि रेषा सरळ असेल तेवढाच भाग वापरा.

तपासणी: कॅल्शियमऐवजी जादा ईडीटीए घातलेल्या नळीत क्रिया जवळपास शून्यावर यायला हवी. आली नाही तर तुम्ही अल्फाखेरीज काहीतरी मोजत आहात.

पटलावरचं आणि विरघळलेलं पीएलडी वेगळं मोजणाऱ्यांनी, १,००,००० जी वर तासभर फिरवण्याआधी, आपला बफर पुन्हा वाचावा. या विकराचा सी-२ हा भाग कॅल्शियम धरून पटलाला चिकटतो. कुटताना ईडीटीए असेल तर विकर पाण्यात राहतं, मोकळं कॅल्शियम असेल तर पटलावर जातं. "ताणात पीएलडी पटलाकडे सरकलं" असं म्हणायचं असेल, तर दोन्ही नमुन्यांना तोच बफर, तितकंच आकारमान आणि तितकाच वेळ मिळालेला असला पाहिजे. ताण दिलेल्या कोमेजलेल्या पानाचं ओलं वजन कमी भरतं, त्यामुळे ग्रॅमवर बफर मोजला तर दर पेशीमागे ईडीटीए कमी पडतं. इथेही कोरड्या वजनाचा किंवा प्रथिनाचा आधार घ्या.

## ८. वहीत काय लिहायचं

पान तोडल्याची वेळ, नळीत पडेपर्यंतचे सेकंद, नळीतलं खरं तापमान, पानाचा क्रमांक, क्लोरोफॉर्ममधला टिकाऊ पदार्थ, पट्टी तापवल्याची वेळ. निकालात फॉस्फॅटिडिक आम्ल कोरड्या वजनामागे आणि एकूण फॉस्फोलिपिडांच्या टक्केवारीत, दोन्ही प्रकारे द्या. टक्केवारी एकटी फसवते: फॉस्फॅटिडिलकोलीन घटलं तरी फॉस्फॅटिडिक आम्ल "वाढल्यासारखं" दिसतं. "वाईट नमुन्याचा" पट्टा असलेल्या पट्टीचा फोटो मुख्य निकालासोबतच लावा, परीक्षकाला तुमचा कंट्रोल किती स्वच्छ आहे हे त्यातच दिसतं.